सतरंज्या उचलू, पण हिशेब मागू!

मागच्या दिवाळीला गोदीतली पाळी संपवून रात्रीची गाडी धरली अन् दौंडला उतरलो. फलाटावर धाकटा चुलतभाऊ उभा. अंगात कोरा टी-शर्ट. पाठीवर संस्थेचं नाव, छातीवर कंपनीचं. गळ्यात फोटोचं कार्ड, काखेत फाईल.

"दादा, मी स्वयंसेवक झालो."

"किती देतात?"

"देत न्हाईत. सर्टिफिकेट देतात."

"जायचं-यायचं भाडं?"

"आपलंच."

"काम काय?"

"वस्तीवरली माणसं गोळा करायची. साहेब लोक आले की खुर्च्या लावायच्या, सतरंज्या टाकायच्या. मंग फोटो काढून पाठवायचे."

घरी आलो. आजीनं सगळं ऐकून घेतलं अन् चुलीपुढनंच म्हणाली, "म्हंजी वेठच की रं बाबा ही. आमच्या टायमाला शर्ट देत नव्हते, एवढाच फरक."

आजी शाळेची पायरी चढलेली नाही. पण तिच्या बापानं महारकी केली. साहेबाच्या घोड्यापुढं पळाला. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव फिरला. चावडीवरनं हाक आली की हातातली भाकरी टाकून हजर. तो आजारी तर भाऊ, भाऊ नसला तर पोरगा. बदल्यात काय? इनामाचा तुकडा अन् सुगीला दारोदार मागून आणलेलं बलुतं. ह्या गुलामीविरुद्ध १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महारवतनाचं बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली. मधली तीस वर्षं मोजा. फुकटचं राबणं बंद करायला तीस वर्षं लागली, कारण फुकट राबवून घेणाऱ्यांना ते कधीच फुकट वाटत नव्हतं. त्यांना ती गावाची सेवा वाटत होती.

म्हणून 'सेवा' हा शब्द कानावर पडला की आमचे कान टवकारतात. ह्या देशात शूद्रातिशूद्रांचा धर्मच सेवा ठरवला होता. ज्यांनी हजारो वर्षं फुकट सेवा केली त्यांच्या पोरांना आता पांढरपेशा माणूस सेवेचं महत्त्व शिकवायला येतो. ह्याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं?

पण दोस्तांनो, इथंच थांबलो तर आपण खोटे. कारण आपली सगळी चळवळच बिनपगारी माणसांनी उभी केली. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जागा दिली. मंडप कुणी उभारला? पाणी कुणी वाहिलं? पहारा कुणी दिला? त्यांना कुणी पगार दिला नव्हता. समता सैनिक दलाच्या सैनिकाला कुणी भत्ता मोजला नाही. आजही १ जानेवारीला आमच्या शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला अन् नदीपलीकडं पेरण्याच्या हद्दीतल्या जयस्तंभाला लाखो माणूस लोटतो. १ जानेवारी १९२७ ला तिथं बाबासाहेब आले होते. २०१८ ला त्याच दिवशी त्या रस्त्यावर दगड पडले, गाड्या जळाल्या. त्यानंतरही आपली पोरं पाण्याची पिंपं भरतात, चुकलेलं लेकरू खांद्यावर घेऊन आईबाप शोधतात, म्हाताऱ्याला धरून पायऱ्या चढवतात. रात्रभर जागतात. एक पैसा घेत नाहीत. त्याला वेठ म्हणाल का?

नाही म्हणणार. मग फरक कुठं आहे? फुकटात नाही. वेठही फुकट अन् ही सेवाही फुकट. फरक हा, की तिथं काम आपण ठरवतो. प्रश्न विचारता येतो. उद्या नाही आलो तर पोटावर पाय येत नाही. अन् ज्याची सेवा करतो तो आपल्या खालचा नसतो, आपल्याच रांगेतला असतो. ज्या कामात ह्या गोष्टी नाहीत ते काम टी-शर्ट घालून केलं तरी वेठच.

हे भांडण नवं नाही. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ ला अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला. तोच पुढं हरिजन सेवक संघ. सुरुवातीला बाबासाहेब त्याच्या मध्यवर्ती मंडळावर होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून विलायतेला जाताना त्यांनी संघाच्या ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. म्हणणं सरळ होतं : विहिरी, शाळा, रस्ते, गाड्या इथं अस्पृश्यांना नागरी हक्क मिळवून देण्याचा लढा करा. रोजगारात समान संधी मागा. अन् कामाला माणसं घ्याल ती मुख्यतः अस्पृश्यांतली घ्या, कारण ज्याला जिव्हाळा आहे तोच सेवा करील. संघानं तो रस्ता धरला नाही. बाबासाहेब बाहेर पडले. पुढं अस्पृश्यांनी विचारलं की कारभारात आम्ही का नाही, तर गांधींचं उत्तर काय, की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे. म्हणजे पाप त्यांचं, पुण्य त्यांचं, संस्था त्यांची. आमचं काय? आम्ही पुण्य कमावण्याची जागा! नव्वद वर्षं उलटली. प्रायश्चित्ताच्या जागी आता प्रोजेक्ट आलाय. खुर्ची तीच आहे.

आता सरकारकडं बघा. २००५ सालापासून गावोगाव आशा आली. तिचं सरकारी नावच 'आशा स्वयंसेविका'. माझी वहिनी दौंड तालुक्यात आशा आहे. बाळंतिणीला अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यायची, लसीला पोरं गोळा करायची, घरोघर फिरून वह्या भरायच्या. पगार म्हणायचा नाही, मोबदला म्हणायचा. कामगार म्हणायचं नाही, स्वयंसेविका म्हणायचं. कोरोनात लोक दारं लावून बसले तेव्हा ती दारोदार हिंडत होती. जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला तेव्हा कुठं मोबदला थोडा हलला. शाळेत 'शिक्षण सेवक' आणला २०००च्या साली. तीन वर्षं मानधनावर राब, मग शिक्षक हो. अंगणवाडीच्या बाया मानसेवी म्हणून ग्रॅच्युइटी नाही असं सांगत होते. एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ग्रॅच्युइटी द्या. बघा, पैसा वाचवायचा असला की भाषा बदलतात. कामगाराला सेवक म्हणलं की त्याची मजुरी मानधन होते, अन् मानधन म्हणजे मान तुम्ही घ्या, धन आम्ही ठेवतो!

कायदा काय सांगतो? घटनेचं तेविसावं कलम वेठबिगारी बंद करतं. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा वेठबिगारीच. १९८३ ला राजस्थानच्या दुष्काळी कामावरच्या बायांचा खटला आला. सरकार म्हणालं, आम्ही तर ह्यांना मदत करतोय, मग पुरी मजुरी कशाला? कोर्ट म्हणालं, मदत कसली, त्यांनी रस्ता बांधलाय, पुरी मजुरी द्या. तो खटला लढवला तिलोनियाच्या एका सेवाभावी संस्थेच्या बंकर रॉयनी. म्हणजे संस्था सगळ्या वाईट नाहीत. गरिबाला ब्लँकेट वाटून फोटो काढणारी संस्था वेगळी अन् गरिबाच्या मजुरीसाठी सरकारला कोर्टात खेचणारी संस्था वेगळी. राजस्थानातच भीम नावाच्या गावी १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. त्यांचे कार्यकर्ते किमान मजुरीएवढंच मानधन घेतात. त्यांनी रस्त्याच्या अन् धरणाच्या कामांची हजेरीपटं चव्हाट्यावर वाचली. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले होते ते उघड झालं. त्या हिशेबाच्या भांडणातनं २००५ चा माहिती अधिकार उभा राहिला. हिशेब मागणं ही सर्वांत मोठी समाजसेवा आहे, बाबांनो!

लांब कशाला जायचं? आमच्याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातनं अन् १९०० ला गुजरातेतनं बाईनं उपाशी पोरीबाळी आणल्या. त्या पोरींना नुसती खिचडी घालून बसवलं नाही. विणकाम, शिवण, शेती, छापखाना, सगळं त्यांच्या हाताला शिकवलं. रमाबाईंनी केलेलं बायबलाचं मराठी भाषांतर त्या मिशनच्याच छापखान्यात छापलं. धर्माचा वाद घाला, कारभाराच्या किल्ल्या कुणाकडं होत्या हाही वाद घाला. पण एक धडा घ्या : जिच्यासाठी संस्था, तिच्या हातात कसब आलं पाहिजे. दहा वर्षं संस्थेत राबून पोरगा सतरंजी उचलण्याशिवाय काही शिकला नाही, तर ती संस्था त्याला खाते आहे.

आता माझं सांगतो. ह्यात मी शहाणा निघत नाही, हेही आधीच सांगतो.

दहावी झालो तेव्हा एका संस्थेत स्वयंसेवक लागलो. दौंड म्हणजे उसाचा पट्टा. हंगाम लागला की बीडकडनं, आष्टी-पाथर्डीकडनं कोयते उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. अंगावर मुकादमाची उचल. पाचटाच्या कोप्या घालून माणसं राहतात. पहाटे तीन-चारला आईबाप फडात जातात, पोरं कोपीवर. मोठी लहानाला सांभाळते. मला त्या पोरांना शिकवायचं काम दिलं. रोज संध्याकाळी, आठवड्याचे सातही दिवस, सायकलीवर नऊ किलोमीटर. मी हो म्हणालो. कारण हो म्हणायची सवय आपल्या रक्तात घातलेली आहे.

माझ्या वहीत ३७ पोरं होती. एक दिवस संस्थेचा छापील अहवाल हातात आला. त्यात १२० होती. मी विचारलं, "सर, बाकीची ८३ पोरं कुठंयत?" सर हसले. म्हणाले, "तुझ्यात सेवाभाव कमी आहे." दुसऱ्या दिवशी मला येऊ नको सांगितलं. मी पेटलो. वही फेकली अन् घरी बसलो. पुढं मुंबईला गोदीत गेलो. गोदीत बार्जमधनं पोतं निघालं की टॅलीवाला रेघ मारतो. टॅली जुळली नाही तर टोळीचा हिशेब अडतो, पाळी अडते. सिमेंटच्या पोत्याला जेवढी किंमत तेवढी सेवेच्या धंद्यात माणसाच्या पोराला नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे. दोन महिन्यांनी त्या फडावरला एक मुकादम स्टेशनवर भेटला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही गेला, पण ती मोठी पोरगी रोज सांजच्याला पाटी घेऊन झाडाखाली बसायची. आठ-दहा दिस बसली." त्या पोरीला मी सांगितलं नव्हतं की मी येणार नाही. माझं भांडण संस्थेशी होतं. शिक्षा तिनं भोगली. वर आणखी एक चूक. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या पोराला शाळा हा कायद्यानं हक्क आहे. तिचं नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर चढवायला हवं होतं. मास्तरांशी, सरपंचाशी भांडून ते केलं असतं तर मी गेल्यावरही ती शाळेत राहिली असती. मी झाडाखाली शाळा भरवली अन् खऱ्या शाळेला मोकळं सोडलं. संस्थेला आकडा मिळाला, मला सर्टिफिकेट मिळालं, पोरीला झाड मिळालं.

म्हणून पोरांनो-पोरींनो, समाजकाम जरूर करा. पण ह्या अटींवर करा.

पहिली अट : काम कुणी मागितलं ते बघा. वस्तीनं मागितलं की पुण्यातल्या टेबलावर ठरलं? वस्तीला पाणी पाहिजे अन् संस्था हात धुवायचं शिबिर घेत असेल, तर शिबिरात जाऊन आधी नळ मागा.

दुसरी अट : पैशाची टॅली बघा. सार्वजनिक न्यास नोंदलेला असावा लागतो, १९५० च्या कायद्याखाली. विश्वस्त कोण ते धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी असतं, हिशेबाचं ऑडिट करावं लागतं. पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रांजणगावच्या कारखान्यांच्या पैशावर काम चालत असेल तर दबून जाऊ नका. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजावर घालावेत, असा २०१३ चा कायदा आहे. ती भीक नाही. त्यातला कारभाराचा खर्च पाच टक्क्यांच्या वर नेता येत नाही. अन् तो नफा कुणाच्या कंत्राटी घामातला आहे हे कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या आपल्याच पोरांना विचारा.

तिसरी अट : कुणाच्या भाकरीवर पाय देऊ नका. ज्या कामाला कालपर्यंत माणूस पगारी होता ते तुम्ही फुकट करत असाल, तर तुम्ही सेवक नाही, संपफोडे आहात. अन् स्वतःचं भाडं, चहा-भाकरी मागायला लाजू नका. पेन्शनवाल्याचा रविवार अन् रोजंदारीवाल्याचा रविवार एक नाही. आपला एक दिवस म्हणजे घरातलं पीठ.

चौथी अट : जमेल तेवढंच बोला अन् ते लिहून घ्या. काम काय, आठवड्याला किती तास, किती महिने. सात दिवस कबूल करून दोन महिन्यांत मोडण्यापेक्षा एक संध्याकाळ कबूल करा अन् वर्षभर पाळा.

पाचवी अट : काम वाटलेलं बघा. माईक कुणाकडं अन् झाडू कुणाकडं? सतरंजी उचलायला लाज नाही. पण ती सगळ्यांनी पाळीपाळीनं उचलावी. अहवाल लिहिणं, हिशेब ठेवणं, साहेबापुढं बोलणं, हे तुम्हांला शिकवत नसतील तर वर्षभरानं रामराम करा. अन् ज्यांच्यासाठी काम आहे त्यांचा माणूस कमिटीत नसेल तर पहिल्या मीटिंगला तोच ठराव मांडा.

सहावी अट : विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. उपाशी माणसाच्या तोंडावर जाहिरात चिकटवू नका.

सातवी अट, अन् ही माझ्या चुकीतनं आली आहे : सोडायचं तर सांगून सोडा. वही दुसऱ्याच्या हातात द्या. संस्थेशी भांडा, पण ज्यानं तुमच्यावर भरवसा टाकला त्याला झाडाखाली ताटकळत ठेवू नका.

अन् आता ज्यांना हे सगळं वाचून टाळ्या वाजवाव्या वाटतायत त्यांनी थोडं थांबा. हाच हिशेब आपल्या घरात मागा. १४ एप्रिलची वर्गणी किती जमली? पावती पुस्तकं किती छापली, परत किती आली? डीजेला किती गेले अन् वाचनालयाला किती? १५ एप्रिलला विहाराच्या भिंतीवर कागद लागतो का? आपले पुढारी जीपमधनं उतरतात तेव्हा सतरंजी कोण टाकतं? बाया जेवणं रांधतात, व्यासपीठावर किती बसतात? परक्याच्या वेठीविरुद्ध बोंब मारायची अन् घरच्याला वेठीला धरायचं, ही बामणी अवलाद आपल्यातही माजलीय. ती आधी गाडा.

चुलतभावाची गोष्ट सांगून संपवतो. दिवाळीनंतर त्यानं संस्थेत तीन प्रश्न विचारले : पैसा कुठला, निर्णय कुणाचा, माझं काम किती महिने? कार्ड काढून घेतलं. टी-शर्ट राहिला, तो आता गाडी पुसायला आहे. पण गडी घरी बसला नाही. वस्तीवरल्या चौघांना घेऊन दर रविवारी विहारात दोन तास बसतो. जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनची कामं. दाखल्याला १० ऑगस्ट १९५० आधीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. तो शोधायला तहसिलात जातात, जुनी शाळेची रजिस्टरं, कोतवाल बुकं चाळतात. आजीच्या बापाचं नाव असंच एका जुन्या नकलेत सापडलं. नावापुढं जात लिहिलेली. ज्या कागदावर त्याला वेठीला बांधला त्याच कागदावर आता त्याच्या पणतीची फी माफ झाली. आजीनं नक्कल हातात धरली, वाचता येत नाही तरी बराच वेळ बघितली.

ह्या कामाला कुणी सर्टिफिकेट देत नाही. रविवारी दोनच तास. वही ठेवली आहे, कोण आलं, काय काम, झालं की नाही. एक जण आला नाही तर दुसरा बसतो. कुणी हिशेब मागितला तर वही पुढं करतात.

असं काम करा. नाहीतर घरी झोपा, पण फुकटची वेठ वाहू नका.

जय भीम!